सहाच्या तेवीस

शिरपूरच्या बाजारातून पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आणला, तेव्हा माझा बेत पक्का होता. धुळ्याबाहेरचं घर, मागे थोडी मोकळी जागा, घरात चार माणसं. सहाच्या वर जायचं नाही, असं वहीत लिहूनही ठेवलं. आज वही तीच आहे आणि कोंबड्या तेवीस आहेत. शेजारचे जिभाऊ कुंपणावरून विचारतात, "मास्तर, इतल्या कोंबड्या कसाले पाळी ऱ्हायना?"

पहिलं उत्तर सोपं आहे: माझं गणितच चुकलं होतं. पाच कोंबड्या म्हणजे रोज तीन-चार अंडी, असा माझा अंदाज. पण ते गणित पोल्ट्रीतल्या कोंबडीचं. ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. सातपुड्यातून पावरा बायका टोपलीत घेऊन येतात ती गावठी कोंबडी साठ-सत्तरवर थांबते. म्हणजे पाच जणींकडून दिवसाला जेमतेम एक. घरात माणसं चार आणि अंडं एक, त्यावरून सकाळी जे व्हायचं ते झालं. आणखी चार कोंबड्या आल्या, त्यांत दोन गिरिराज या सुधारित जातीच्या. वहीतल्या सहावर मी काट मारली, ती घरच्या शांततेसाठी.

दुसरं उत्तर कोंबडीकडे आहे. गावठी कोंबडी दहा-बारा अंडी घालते आणि खुडूक होते. पिसं फुलवून, पोट टेकवून बसते, हात घातला की टोचते. आता अंडी बंद, आता एकवीस दिवस ऊब. तिचा बेत माझ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट आहे. पोटाखाली मावतील इतकी, मग पुरे. आपण रोज अंडं उचलतो आणि खुणेला एकच मागे ठेवतो, तेव्हा तिची रास कधी भरतच नाही, म्हणून ती घालत राहते. पोल्ट्रीच्या जातींमधून माणसाने हा खुडूकपणाच निवडून निवडून घालवला, कारण बसलेली कोंबडी धंद्याला परवडत नाही. गिरिराजसुद्धा सहसा बसत नाही. तिची अंडी गावठीच्या पोटाखाली सरकवावी लागतात. पुरे कधी म्हणायचं हे जिला कळतं, तिच्याच पोटाखाली आपण दुसरीची अंडी ठेवतो, आणि मग कोंबड्या वाढल्या म्हणून कपाळाला हात लावतो.

पण मला खरं उत्तर वाटतं ते तिसरं. बारा अंडी ठेवणाऱ्या बाईला बारा कोंबड्या नको असतात, तिला तीन हव्या असतात. दोन अंडी फुटायची नाहीत. एक पिलू घार नेईल, दोन मुंगसाच्या वाट्याला. खानदेशातला मे महिना म्हणजे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस. चोच वासून, पंख सैल सोडून कोंबड्या कडुलिंबाखाली धापा टाकत असतात, आणि दुपारी पाण्याचं भांडं कोरडं राहिलं की संध्याकाळी त्यांतली एखादी उठत नाही. एवढ्यातून उरलंच तर मानमोडी आहे. मान वेडीवाकडी होते, पाय लुळे पडतात आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. परसात कोंबड्या पाळणं म्हणजे मरणाची वजाबाकी आधी मांडून मग बेरीज करणं. आमच्या आजीने आयुष्यभर बारा ठेवून तीन वाढवल्या. तिच्या हिशोबात हाव शोधून सापडली नसती.

मी तिचीच बारा ठेवली, फक्त मधली वजाबाकी काढून टाकली. जाळी मारली, पिलांवर डालं पालथं घातलं, सातव्या दिवशी डोळ्यात मानमोडीवरच्या लासोटा लसीचा थेंब दिला. ही लस माझ्या वाढीचं सगळ्यात हास्यास्पद कारण आहे. मला मिळाली ती कुपी शंभर पिलांची होती आणि पिलं होती आठ. एकदा कालवली की ती तासा-दोन तासांत संपवावी लागते. ब्याण्णव थेंब मातीत ओतायचे? गल्लीतल्या तीन घरांना बोलावलं. टोपल्यांतून पिलं आली, थेंब घेऊन गेली, आणि एका आजींनी आभार म्हणून दोन पिलं इथेच सोडली. नाही कसं म्हणणार? बारातली आठ जगली. माणसाच्या मनात जुनी भीती आणि हातात नवी लस असली की खुराडं लहान पडतं. मग मोठं बांधलं. त्यात जागा उरली. अंडं आधी की कोंबडी आधी यावर पंडितांनी वाद घालावा. माझा अनुभव असा की खुराडं आधी.

मी एकटाच नाही, याचा पुरावा सरकारी आहे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातले कुक्कुटपक्षी 85 कोटींवर भरले. 2012 नंतर पोल्ट्री फार्मवरचे पक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले आणि परसातले जवळपास 46 टक्क्यांनी. मोठ्या शेडच्या मागे बँक असते, खाद्याचा करार असतो, बेत कागदावर असतो. परसातल्या वाढीचा कागद कुणाकडेच नाही. कुणाच्या माहेरहून एक आली, कुणी अर्धेलीने दिली, म्हणजे कोंबडी एकाची, राखण दुसऱ्याची आणि पिलं निम्मी-निम्मी. कोंबडे तेवढे आखाडात कमी होतात. निम्मी पिलं नर निघतात आणि आठ-दहा माद्यांमागे एकच पुरतो, त्यामुळे तिथे मन घट्ट करायला फार वेळ लागत नाही.

या बिनकागदी वाढीची एकदा मात्र नोंद झाली. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला. तिथे शेड होत्या, पक्ष्यांची मोजदाद होती. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या हातेड, साळवा, सावदा आणि मारूळ या गावांतले नमुने दूषित निघाले, आणि तिथला पक्षी परसातला. त्या टापूत माझी एक मावशी राहायची. पांढरे झगे घातलेली माणसं दारात आली आणि त्यांनी विचारलं, किती? भरपाई नगावर होती, आकडा हवा होता. मावशीने आयुष्यात कोंबड्या मोजल्या नव्हत्या. मोजल्या की नजर लागते. तिने बोटं धरून सांगायला सुरुवात केली: तुरेवाली, लंगडी, बोडक्या मानेची, लंगडीच्या दोन पोरी, अन् कोपऱ्यातली खुडूक. शेडमधला पक्षी जागचा हलत नाही. हे मात्र चिंचेवर, कौलांवर, शेजारच्या पऱ्हाटीच्या ढिगाऱ्यात. धरता धरता दुपार झाली. आकडा निघाला सतरा. "सतरा?" मावशी म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

पुढे बरेच महिने तिचं अंगण झाडल्यासारखं स्वच्छ राहिलं. वर्षभराने गेलो तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यात एक डालं पालथं होतं आणि आतून कुडकुड ऐकू येत होती. किती आहेत, हे मी विचारलं नाही.

तेवीस हा आकडा मी काल संध्याकाळी खुराड्याची फळी लावताना काढला. त्यात एक चूक आहे. आमचीही एक बोडक्या मानेची आहे, ती चार दिवसांपासून दिसत नव्हती. मुंगसाने नेली म्हणून मी तिला वजा केलं होतं. आज सकाळी ती सरपणाच्या मागे सापडली, पिसं फुलवून बसलेली. हात घातला तर टोचली. पोटाखाली अकरा होती. मी त्यातली उचलणार, एवढ्यात बायको मागून म्हणाली, "राहू द्या, दोन-तीनच तर जगतील."