नव्वद दिवस

दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतःलाच फोन करतो.

पोरगा टोरंटोला निघाला तेव्हा त्याचं सिम जुन्या बटणाच्या फोनमध्ये टाकून माझ्या हाती देऊन गेला. "बाबा, बँकेचा ओटीपी यावरच येते. बंद नका पडू देऊ जी." नव्वद दिवस काही वापर झाला नाही आणि खात्यात वीस रुपयेही नसले, तर कंपनी नंबर बंद करू शकते. म्हणून रिचार्ज करायचा आणि त्यावरून माझ्या मोबाइलला रिंग द्यायची. पडद्यावर त्याचं नाव उमटतं. लावणारा मी, उचलणारा मी. मधलं नाव तेवढं त्याचं. तरी दरवेळी जीव हरखतो.

परवा तो म्हणाला, "सोडून द्या आता तो नंबर. यूपीआय इथल्याच नंबरवर चालते." खरंच आहे, २०२३पासून कॅनडासह काही देशांतल्या नंबरांना ती सोय मिळाली. म्हणजे माझं निमित्त संपलं. उरली ती तृष्णा, आणि तिला दुःखाचं मूळ म्हणणारं आमचं घर.

१६ ऑक्टोबर १९५६ला माझे आजोबा वर्धा नदी ओलांडून चांद्याला गेले, बाबासाहेबांकडून दीक्षा घ्यायला. तेव्हा आमचं राजुरा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आलं. १९५९ साली चांद्यात. सोळा दिवसांत आजोबांचा धम्म बदलला, राज्य बदललं. मग नदी ओलांडून गेले तेच आजोबा पुढे नातवाला खांद्यावर घेऊन फिरले का?

राजा मिलिंदानं भन्ते नागसेनांना असंच विचारलं होतं. भन्तेंनी रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचा दाखला दिला: पहिल्या प्रहरातली ज्योत पहाटेची नव्हे, पण वेगळीही नव्हे. मग कर्म कोणाचं? तिथं आंब्याचा चोर आहे. पेरलेले आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, असं म्हणून तो सुटत नाही.

हा आंबेचोर मला या नंबरामुळे कळला. पोरानं सिम घेतलं तेव्हा दोन वर्षं कुण्या भलत्याच माणसाच्या कर्जवसुलीचे फोन येत. नंबर आधी त्याचा होता. बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस राखून मग दुसऱ्याला देतात. पहिला मालक मोकळा झाला आणि त्याच्या हप्त्यांच्या शिव्या आम्ही खाल्ल्या.

"माझं काही नाही" म्हणून हात झटकणं म्हणजे अनात्म नव्हे, हे तेव्हा उमगलं. सोडायचं तर नीट सोडावं. मी वहीत यादी केली: बँक, गॅस, विमा, आधार. एकेका ठिकाणाहून हा नंबर काढायचा, म्हणजे उद्या तो ज्याच्या हाती जाईल त्याला आमचं काही भोगावं लागणार नाही. करणीय मेत्त सुत्त रोज म्हणतो. न पाहिलेल्यांबद्दलची मैत्री म्हणजे आणखी काय असते?

बायकोला यादी दाखवली. ती म्हणाली, "करा जी सावकाश. पोरगा तं रविवारी बोलतेच." मग चष्म्यावरून बघत पुसलं, "अन् एक तारखेले?"

मी वही मिटली. यादीत ते लिहायचं राहिलं होतं.