आधी भाऊ, मग वेदी



‘फादर, धर्मामुळे जगात शांती वाढली की भांडणे?’ आपली तरुण मुले विचारतात. त्यांच्यावर रागावू नये. प्रश्न फार जुना आहे. काइन आणि हाबेल, दोघांनीही देवाला अर्पण वाहिले आणि त्यानंतरच पहिला खून झाला.

१९९४ साली आफ्रिकेतील रुवांडा देशात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. मरणारे बहुतेक तुत्सी, मारणारे हुतू. पण दोन्हीकडचे बहुसंख्य लोक ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक अधिक. न्यांगे गावच्या चर्चमध्ये आश्रयाला आलेल्या सुमारे दीड हजार तुत्सींवर बुलडोझरने चर्चच पाडण्यात आले. त्या पापात सामील असलेल्या तेथील धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ साली जन्मठेप दिली. एक धर्मगुरू म्हणून हे लिहिताना माझी मान खाली जाते. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनीही ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या लोकांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

ही कत्तल धर्मासाठी झाली नाही, हे खरे. वंशद्वेष होता, सत्तेचे राजकारण होते. पण एवढे म्हणून आपण सुटत नाही. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्यांचे हात बाप्तिस्म्याने का अडवले नाहीत? कारण पुष्कळांच्या मनात ‘आपला माणूस’ म्हणजे आपल्या वंशाचा माणूस, एवढाच अर्थ राहिला होता. श्रद्धा तिथपर्यंत झिरपलीच नव्हती.

त्याच न्यांगेमध्ये १९९७ साली सशस्त्र टोळी एका शाळेत घुसली. हुतू आणि तुत्सी वेगळे व्हा, असा हुकूम सुटला. मुले वेगळी झाली नाहीत. काहींना प्राण द्यावे लागले. ‘आपला’ या शब्दाचा अर्थ त्या मुलांना कळला होता.

आता आपल्याकडे पाहू या. लग्नाचे स्थळ आले की आपणही आधी समाज विचारतो. बांधावरून भांडलेले सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात आणि शांतीचा संकेत देताना एकमेकांकडे पाठ फिरवतात. वेदीपाशी भावाचे वैर आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला प्रभूने सांगितले आहे. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला असेच द्यावे लागेल. या आठवड्यात एक तरी अबोला मोडू या.

प्रभूची शांती तुमच्या घरी नांदो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू