लिहिलेलं उघडता यावं

माझे वडील सोलापूरच्या एका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहून काढल्या : रात्रपाळी, गिरणीचा भोंगा, बदली कामगारांचे हाल. पुढे आम्ही त्या डीटीपी करून घेतल्या आणि फाइल सीडीवर जपून ठेवली. बऱ्याच वर्षांनी ती घरच्या संगणकावर उघडली, तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खच. फाइल शाबूत होती, पण त्यातलं एक वाक्य लागेना. तेव्हाचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवत. नेमका तोच फॉन्ट संगणकावर नसला की मजकूर गेला. देवनागरी १९९१ पासून युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात आहे, पण आपल्याकडच्या छपाईच्या कामात जुने फॉन्ट पुढेही कितीतरी वर्षं चालत राहिले. मराठीतले असे किती दिवाळी अंक, किती स्मरणिका आज कुलूपबंद पडून असतील, या विचारानं आजही जीव कळवळतो.

फॉन्ट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये आणला आणि तो लिबरऑफिस या सॉफ्टवेअरच्या रायटर या लेखनाच्या भागात दुरुस्त करत बसलो. कुठे रफार भलत्याच अक्षरावर गेलेला, कुठे पहिली वेलांटी जोडाक्षराच्या मध्येच अडकलेली. ‘शोधा आणि बदला’नं निम्मं काम झालं, उरलेलं ओळ न ओळ वाचून. सगळी प्रत लोहित देवनागरी या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये लावली, म्हणजे ज्याला पाठवायची त्याला फाइलबरोबर फॉन्टही निर्धास्तपणे देता येतो.

मग एक गोष्ट करून पाहिली. रायटर मजकूर ज्या ओडीटी फाइलमध्ये साठवतो, तिची एक प्रत घेतली, तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ केला आणि ती उघडली. आत काही छोट्या फाइली होत्या. त्यातली ‘कंटेंट’ नावाची साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तर कोनी कंसांच्या गर्दीत वडिलांची वाक्यं जशीच्या तशी, काना-मात्रेसह. उद्या लिबरऑफिस राहिलं नाही तरी ही वाक्यं वाचता येतील. फाइलची ही मांडणी २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि तिचे नियम कुणालाही वाचायला खुले आहेत. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं याचं मोल मध्यमवर्गीय घरात कमी नाही. पण मला त्याहून मोठी वाटते ती ही हमी.

या सॉफ्टवेअरचा इतिहासही सोलापूरकराला जवळचा वाटावा असा आहे. १९८५ मध्ये जर्मनीत मार्को ब्योरीस या शाळकरी वयाच्या मुलानं स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याची मूळ संहिता जगाला खुली केली. तेच ओपनऑफिस. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली आणि आता याचं काय होणार, अशी चिंता पसरली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला ओपनऑफिसवर काम करणाऱ्या मंडळींनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ जाहीर केलं आणि तीच संहिता घेऊन लिबरऑफिस उभं केलं. आमच्याकडे जुनी गिरणी, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तेव्हा कामगारांना हातातलं कसब तेवढं घरी नेता आलं. इथे काम करणाऱ्यांना साचेही बाहेर नेता आले.

घरात त्याचा वापर साधाच आहे. सोसायटीचा जमाखर्च कॅल्क या त्यातल्या हिशेबाच्या भागात असतो. भारताचा प्रांत निवडला की स्वल्पविराम आपल्या पद्धतीनं लाखावर पडतो, १,२५,००० असा. शहराच्या पूर्वभागातलं एक तेलुगू कुटुंब टॉवेलच्या धंद्याचा हिशेब त्यातच ठेवतं. त्यांच्या आजोबांसाठी मेन्यू तेलुगूत करून दिला. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत हे सॉफ्टवेअर मिळतं, आणि आमच्या शहराला तिन्ही लागतात. मोठ्या बाजारपेठेचा हिशेब न मांडता कुणीतरी बसून त्या हजारो ओळींचं भाषांतर केलं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

अडचणीही आहेत, आणि त्या लपवून कुणाला हे सुचवू नये. वर्डमधून आलेल्या अर्जातले तक्ते आणि चौकटी पुष्कळदा सरकतात. एक्सेलचे गुंतागुंतीचे मॅक्रो चालतीलच असं नाही. ज्याची नोकरीच अशा फाइलींवर आहे, त्याला मी आग्रह करत नाही. बाहेर पाठवायचा कागद पीडीएफ करतो आणि मूळ प्रत ओडीटीत ठेवतो.

सध्या काम चाललंय ते शब्दांचं. मराठी शुद्धलेखन तपासणी जोडून घेतली, तर वडिलांच्या लिखाणातल्या कितीतरी शब्दांखाली लाल रेघा येतात. चूक नसलेला गिरणीतला शब्द दिसला, की उजवी कळ दाबून तो शब्दकोशात घालतो. ही यादीसुद्धा साध्या मजकुराची फाइल असते, हवी तेव्हा उघडून वाचता येते. धोटा, कांडी, ताणा, साचेवाला… ती पुरी झाली की मराठी तपासणीचा शब्दसंग्रह सांभाळणाऱ्यांकडे पाठवणार आहे.