ओसरलेल्या गंधाचे ऋण

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला तिची पाठवणी होते. या महिनाभरात आपल्या लष्करातील जुन्या मराठी घरांतून हळदीकुंकवाचे बेत होतात. गौरीपुढे आरास मांडली जाते, अंगणात चैत्रांगण रेखले जाते, कैरीची डाळ आणि पन्हे दिले जाते, मनगटावर अत्तराचे बोट फिरते. फुले, चित्र आणि सुगंध यांचे असे एकत्र प्रदर्शन इतर ऋतूंत क्वचितच भरते. आणि ते भरते ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याच्या तोंडावर! सकाळी काढलेली रांगोळी दुपारच्या लूने विस्कटते. मोगऱ्याचा गजरा रात्रीपर्यंत मलूल होतो.

यातून एक नैतिक प्रश्न उद्भवतो. जी कृती टिकतच नाही, तिच्या कर्त्याचे नाव राखण्याचे आपल्यावर काही बंधन आहे काय?

कायद्याने या प्रश्नाशी झुंज दिली आहे. जून २००६ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सुगंधालाही प्रताधिकाराचे संरक्षण मिळू शकते, असे ठरविले. त्याच महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमके उलट सांगितले: सुगंधनिर्मिती हे केवळ कारागिरीचे उपयोजन होय, त्यास प्रताधिकार नाही. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलाकृतीच्या व्याख्येत चित्र, शिल्प, वास्तू आणि कलात्मक कारागिरी आहे. सुगंधाचा उल्लेख नाही. हक्काबाबत न्यायालयांत मतभेद असू शकतात. परंतु ऋण ही हक्काहून वेगळी गोष्ट आहे.

कनौजचे उदाहरण घ्यावे. तेथे तांब्याच्या देगेत पाणी आणि पाकळ्या भरून झाकण चिकणमातीने बंद करतात. बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरते आणि भपक्यातील चंदनतेल तो गंध शोषून घेते. आच किती ठेवावी, भपका कधी गार करावा, हे कारागीर हाताच्या स्पर्शाने जाणतो. फुलांऐवजी मातीचे तुकडे घालून हे कारागीर पहिल्या पावसाचा गंधही अत्तरात उतरवीत आले. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोघा शास्त्रज्ञांनी त्या गंधास ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. मातीचे अत्तर उत्तर प्रदेशात आधीपासून निघत असल्याची नोंदही त्यांनी प्रामाणिकपणे केली. तरीही शास्त्रज्ञांची नावे जगास ठाऊक आहेत; ज्याने प्रथम माती देगेत घातली त्याचे नाव कोणास ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. आपल्या परंपरेने निष्काम कर्मास श्रेष्ठ मानले आहे. आरास मांडणाऱ्या गृहिणीस नावाची हाव कोठे होती? तिने ते देवीसाठी केले. मग नावाचा आग्रह धरून आपण तिच्या भक्तीस उणेपणा आणीत नाही काय?

आक्षेप वजनदार आहे, पण त्यात एक गफलत आहे. निष्कामता ही कर्त्याने स्वतः पत्करावयाची वृत्ती आहे. लाभ घेणाऱ्याने ती दुसऱ्यावर लादावयाची नसते. देणाऱ्याने दान विसरावे हे योग्य. घेणाऱ्यानेही ते विसरावे, असे कोणत्याच धर्माने सांगितलेले नाही. तिने नाव मागितले नाही, यावरून आपण ते विचारू नये असे सिद्ध होत नाही. शिवाय विस्मरणाचा वाटा सर्वांना सारखा येत नाही. आपल्या शहरातील तानसेन कलावीथिकेत चित्राखाली चित्रकाराचे नाव असते, अत्तराच्या कुपीवर पेढीचे नाव असते. चैत्रांगण रेखणारी आणि भल्या पहाटे कळ्या खुडणारी मात्र निनावी राहते.

आम्ही आयुष्याची बरीच वर्षे सरकारी कचेरीत काढली. तेथे एक पद्धत आहे. आदेशावर सही वरिष्ठांची असते, परंतु नोटशीटवर प्रथम मजकूर लिहिणाऱ्या बाबूची लघुस्वाक्षरी राहते. निर्णय कालबाह्य होतो, तरी तो कोणाच्या हातून सुरू झाला हे नस्ती उघडणाऱ्यास कळते. रुक्ष म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कचेरीस जे साधते, ते रसिक म्हणविणाऱ्या घरांस साधू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

नाशवंत कलेस टिकविण्याचा अट्टाहास आम्ही करीत नाही. रांगोळी पुसली जावी, गंध विरावा. त्यातच त्यांचे सौंदर्य आहे. पण कृती विरली म्हणून कर्ताही विरावा, असे नाही. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक घराने एक वही करावी. येत्या चैत्रात आरास कोणी मांडली, चैत्रांगण कोणी रेखले, गजरे कोणी गुंफले, हे तिथीसह त्यात लिहावे. घरच्या सुनेचे लिहावे, तसेच फुले पुरविणाऱ्या माळिणीचेही. आजी-पणजीपैकी जिची आठवण सांगणारे कोणी घरात असेल, तिचे नाव पहिल्या पानावर घ्यावे. विचारण्याजोगी वडीलधारी माणसे अजून आहेत, तोवर हे काम उरकलेले बरे.