मागून आणलेली गाडी आणि संमती

मागून आणलेली वस्तू हा अर्धा मालकीहक्क की निव्वळ ठेव? याज्ञवल्क्यस्मृती ती ठेवीच्याच नियमात बसवते. १८७२ चा करार कायदाही शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी मागतो. यवतमाळहून वणीला लग्नासाठी नेलेली शेजाऱ्याची एमएच २९ गाडी याच प्रश्नाचे रोजचे रूप आहे. पोलिसांनी थांबवल्यास चालवणाऱ्याचे लायसन्स, गाडीचे आरसी बुक, विमा आणि पीयूसी लागते. डिजिलॉकरमधील प्रतही चालते. विनापरवाना माणसाला चावी देणारा मालकही दंडास पात्र ठरतो, आणि ते रास्तच आहे: भिडेखातर दिलेला होकार जबाबदारीतून सोडवत नाही. मालकाच्या संमतीचा कागद मात्र या यादीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९७ न विचारता गाडी नेणे गुन्हा मानते, तरी ‘विचारले असते तर मालक हो म्हणाला असता’ असा वाजवी विश्वास असल्यास शिक्षा होत नाही. न उच्चारलेली संमती कायदा अशी मान्य करतो. पण विश्वास वाजवी होता की सोयीचा, हे न्यायालयच ठरवते.