हे तुम्ही एम-टूमध्ये केलंय

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा दुसऱ्याच्या वतीने खोटं लिहिलं. फार मोठं नाही, इंग्रजीतली तीन अक्षरं: 'निल'.

आमच्या कॉलेजात गार्डियन फॅकल्टी मेंबर नावाची व्यवस्था होती. वीस-बावीस मुलांमागे एक शिक्षक, कागदोपत्री आमचा पालक. सेमिस्टरमध्ये दोनदा एक फॉर्म भरायचा. हजेरी, बॅकलॉग, वडिलांचा मोबाइल नंबर आणि सगळ्यात खाली एक रकाना: 'अडचणी, असल्यास'. माझा रूममेट डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. शाळा मराठी माध्यमाची, डिप्लोमा तालुक्याच्या गावी. फॉर्म इंग्रजीत, म्हणून तो माझ्यापुढे सरकवून त्याने विचारलं, "इथं काय लिहायचं रे?" त्याच आठवड्यात एम-थ्रीच्या टेस्टमध्ये तो सपशेल आपटला होता आणि ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "काही लिहू नको, उगाच बोलावत बसतील." आणि माझ्याच पेनाने निल लिहून टाकलं.

त्या वर्षी त्याची वायडी झाली. मी पुढच्या वर्गात गेलो.

हे आठवायचं कारण असं की गेली दोन वर्षं मीच एक 'मेंटॉर' आहे. रविवारी सकाळी तासभर व्हिडिओ कॉलवर मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंगच्या दोघा-तिघा मुलांशी बोलतो. (मी मुळात इलेक्ट्रिकलचा, नोकरी सॉफ्टवेअरची. म्हणजे आमच्या बॅचमधल्या बहुतेकांसारखाच.) हे काम मला आवडतं. पण त्यातला एक प्रश्न काही केल्या सुटत नाही. एखादा विद्यार्थी मागे पडतो तेव्हा अडचण नेमकी कुठे असते? त्याच्यात, की तो बसलेल्या वर्गात? आणि त्याला आधार देताना आपण नकळत याचं उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं का?

आमच्या एम-थ्रीच्या वर्गाचंच घ्या. सर चांगले होते, वेळेवर यायचे, फळा नीट भरायचे. पहिल्याच तासाला लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन्स सुरू केली आणि म्हणाले, "फर्स्ट ऑर्डर तर तुम्ही एम-टूमध्ये केलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. डिप्लोमातून आलेल्या मुलांनीही डोलावल्या. या मुलांना एम-वन, एम-टू नावाचे विषयच नसतात. ती पहिलं वर्ष गाळून आलेली असतात. त्यांच्या डिप्लोमाच्या गणितात यातलं काही असतं, काही नसतं, आणि जे असतं ते वेगळ्या वळणाचं असतं. म्हणजे "तुम्ही केलंय" हे वाक्य साठ मुलांच्या वर्गात आठ-दहा जणांपुरतं सरळ चुकीचं होतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्या वाक्याने त्या आठ-दहा जणांना काय सांगितलं? 'हे तुम्हाला यायला हवं, येत नसेल तर बोलू नका.'

आता या जागी आधाराचे तीन प्रकार ठेवून पाहू. समुपदेशक रूममेटला विचारेल: झोप लागते का, घरचं टेन्शन आहे का, अभ्यासाचं वेळापत्रक काय? मेंटॉर म्हणेल: मलाही एम-थ्री अवघड गेलं होतं, घाबरू नकोस, ही प्लेलिस्ट बघ. आणि सर्वसमावेशक शिकवणं म्हणजे सरांनी पहिल्या तासाला विचारणं, "फर्स्ट ऑर्डर कोणी केलेलं नाही?" मग हात वर करायची लाज वाटू नये म्हणून चिठ्ठ्यांवर विचारणं, आणि शनिवारी दोन तास जादा घेणं. पहिल्या दोन्हींत बदलायचं असतं ते रूममेटला. तिसऱ्यात वर्ग बदलतो.

आमच्या धंद्यात एक कुप्रसिद्ध वाक्य आहे: 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' ग्राहकाकडे प्रोग्रॅम बंद पडतो, तो तक्रार नोंदवतो, आणि आपण आपल्या लॅपटॉपवर चालवून बघून तिकीट बंद करतो, शेरा 'वापरणाऱ्याची चूक'. हा शेरा कधीकधी खरा असतो, हेही कबूल करायला हवं. पण एकाच प्रकारच्या ग्राहकांकडून तीच तक्रार दहादा आली तर तो शेरा मारणारा माणूस आळशी असतो. डिप्लोमावाली मुलं एम-थ्रीत अडकतात हे कॉलेजात शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. 'डिप्लोमावाल्यांना एम-थ्री जड जातं' हे 'मे महिन्यात उकडतं' अशा सुरात म्हटलं जायचं. जणू ते हवामान होतं.

यावर मला ठाऊक असलेला सर्वांत बोलका दाखला आपल्याकडचा नाही. १९७० च्या दशकात युरी ट्राइसमन नावाचा गणिताचा विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, होता. तिथे पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात नापास व्हायचे आणि चिनी वंशाचे विद्यार्थी उत्तम मार्क मिळवायचे. प्राध्यापकांना विचारलं तर कारणं तयार होती: या मुलांना प्रेरणा कमी, पूर्वतयारी कच्ची, घरून पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइसमनने दोन्ही गटांतले साधारण वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात हे त्यांच्या सोबत राहून पाहिलं. तयार कारणांपैकी एकही टिकलं नाही. ती मुलं मेहनती होती, बरीचशी आपापल्या शाळांत हुशार गणलेली होती, आणि कॉलेजपर्यंत आणण्यासाठी घरच्यांनी खस्ता खाल्ल्या होत्या. फरक वेगळाच निघाला. ती एकेकटी अभ्यास करायची. सांगितले तेवढे तास, खोलीचं दार लावून. चिनी वंशाची मुलं आधी आपापला अभ्यास करायची आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायची, चुका काढायची, कुठला प्रश्न सगळ्यांनाच अडला हे त्यांना कळायचं. एकट्याला अडलेला प्रश्न ही आपली नालायकी वाटते. चौघांना अडला की तो फक्त अवघड प्रश्न असतो.

त्यावर ट्राइसमनने काढलेली कार्यशाळा 'कच्च्या मुलांसाठी' नव्हती, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तिथे वर्गातल्यापेक्षा कठीण गणितं दिली जायची आणि ती मिळून सोडवायची. त्या मुलांचे निकाल सुधारले, आणि पुढे अमेरिकेतल्या इतर अनेक विद्यापीठांनी ती पद्धत उचलली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा तिसरा मजला आठवला. परीक्षेच्या आधी आम्ही चौघे माझ्याच खोलीत बसायचो. चहा, मागच्या पाच वर्षांचे पेपर, वाद. रूममेट त्या वेळी वही घेऊन रीडिंग हॉलला जायचा, कारण खोलीत गडबड असते. रात्री दोनला परतायचा. आम्ही कौतुकाने म्हणायचो, "काय मेहनती आहे यार." त्याची स्वतःची खोली, त्याची स्वतःची कॉट, आणि त्याला "बस ना आमच्यात" असं कुणी एकदाही म्हटलं नाही. सुचलं नव्हतं असंही नाही. एकाने एकदा विचारलं होतं आणि मीच म्हटलं होतं की त्याला पार बेसिकपासून सांगावं लागेल, वेळ जाईल.

तेव्हा वर्ग म्हणजे फक्त सर नव्हेत. त्या वर्गात मीही होतो.

ऑफिसातला एक मित्र यावर म्हणतो, "शेवटी पेपर सगळ्यांना एकच असतो ना? मग एकाला जास्त मदत हा दुसऱ्यावर अन्याय." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण अगदी असाच विचार करून मी त्याला अभ्यासाबाहेर ठेवलं होतं: माझा वेळ माझा, त्याचा त्याचा. पण पेपर एक असला तरी त्या पेपरपर्यंत आणून सोडणारी वाक्यं सगळ्यांना उद्देशून नव्हती. 'तुम्ही केलंय' मधल्या 'तुम्ही'त मी होतो, तो नव्हता. मला मिळालेली मदत मदत म्हणून मोजलीच गेली नाही. ती नुसतं 'शिकवणं' होती. त्याला लागली असती ती मात्र 'जादा' ठरली असती. आणि त्याला समजावल्याने माझं काही गेलं असतं का? उलट, आज कुणाला समजावताना मला गणित जितकं कळतं तितकं तेव्हा कधीच कळलं नव्हतं.

भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. वेगवेगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, जेवायची आणि शिकायची, आणि स्वतः राबून त्या खर्चाला हातभारही लावायची. त्यात आजच्या अर्थाने समुपदेशन फारसं नसेल. पण गरीब मुलाला 'तू आत्मविश्वास वाढव' असं सांगण्याआधी त्याला शिकणाऱ्यांच्या पंगतीत जागा करून दिली होती. 'कमवा आणि शिका' या शब्दांत मुलावर विश्वास होता, आणि ती फुकटची मेहेरबानीही नव्हती. मला वाटतं, हे दोन्ही एकत्र साधणं दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

आता दुसरी बाजू. सगळी अडचण वर्गातच असते असं मी म्हणत नाही. एका मुलाशी बोलताना माझ्या लक्षात आलं की तो आठवडेच्या आठवडे खोलीबाहेर पडलेला नाही, जेवण टाळतोय, आणि जगण्याबद्दल जे बोलतोय ते नुसतं वैतागून बोललेलं नाही. तिथे शनिवारचे जादा तास उपयोगाचे नव्हते आणि माझ्या गप्पा तर मुळीच नव्हत्या. तिथे प्रशिक्षित माणूसच हवा होता, आणि तो मिळेपर्यंत मी त्याच्याशी बोलत राहिलो एवढंच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणमला कोचिंगसाठी राहिलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक हवा, ही त्यातली सूचना बातम्यांत ठळक आली. मला जास्त मोलाची वाटली ती त्याच यादीतली दुसरी: मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका. एकाच निकालपत्रात मुलाला सावरायलाही सांगितलंय आणि वर्गालाही. माझी भीती एवढीच आहे की समुपदेशक नेमणं सोपं आहे. जाहिरात काढता येते, खोलीला पाटी लावता येते, तपासणीला येणाऱ्या समितीला ती दाखवता येते. तुकड्या न पाडणं दाखवता येत नाही. मग संस्था पहिलं करतील, आणि वर्गात जे जे तुटेल ते त्या एका खोलीकडे पाठवत राहतील.

आमच्या फॉर्मचंही तेच झालं होतं. नॅकची समिती येणार म्हणून मागच्या वर्षांचे राहिलेले फॉर्म आम्ही एका दुपारी बसून भरले, पेनाची शाई बदलत.

हा लेख लिहिण्याआधी मी रूममेटला फोन केला. तो एका सबस्टेशनवर असतो, शिफ्ट संपवून बोलला. त्या 'निल'बद्दल मी सांगितलं. त्याला ते आठवतच नव्हतं. माफी वगैरे मागायच्या तयारीत मी होतो, तर तो हसला. म्हणाला, "बरंच केलंस की. अडचण लिहिली असती तर सरांनी वर्गात उभं करून विचारलं असतं, काय रे, काय अडचण?" मग थोडं थांबून म्हणाला, "पण तुमच्यात बसलो असतो तर जमलं असतं बहुतेक. मला वाटायचं, तुम्हाला नको असेल."

मी म्हटलं, "नकोच होतं." यावर तो काही बोलला नाही. मग त्याच्या मुलीच्या शाळेचा विषय निघाला.

गेल्या रविवारी एक मुलगी म्हणाली, "दादा, कंट्रोल सिस्टिम्स मला झेपतच नाही, मी त्यातली नाहीच बहुतेक." पूर्वी मी लगेच म्हटलं असतं, झेपेल गं, तू हुशार आहेस. वास्तविक ती हुशार आहे की नाही हे मला ठाऊक नाही. चार महिन्यांची ओळख. या वेळी मी तिला म्हटलं, आठवडाभर वर्गात बसताना एकच कर. 'हे तुम्हाला येतंच' असं सर ज्याबद्दल म्हणतील ते ते वहीच्या मागच्या पानावर लिही. आणि वर्गातल्या आणखी दोघींनाही लिहायला सांग.

काल तिने पानाचा फोटो पाठवला. अकरा गोष्टी होत्या. त्यातल्या सात तिघींच्याही यादीत होत्या. चार मलाच पुन्हा बघाव्या लागणार आहेत.