आईला सांगायचं की नाही?

"बाई, आईने पुन्हा फोन ठेवला. प्रभूचं नाव काढलं की म्हणते, ते सोडून बोल. भाऊ तर भाऊबिजेलाही येऊ नको म्हणतो. मंडळीत उभी राहून साक्ष देते, आणि जन्मदात्रीपाशी तोंड शिवून बसू?"

निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई म्हणाल्या, "मार्काच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढ. याला वेड लागलंय म्हणत घरचेच येशूला धरून न्यायला निघाले होते."

"पुढे त्याचा भाऊ याकोब यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला, म्हणून ती गोष्ट आपल्याला गोड वाटते. कवी नारायण वामन टिळकांचंही तसंच. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. शेवट जुळला की मधली वर्षं कोण बघतं?"

"मी बघते. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' त्यासाठीच वाचावं. नवऱ्याला जे सत्य पटलं त्याची किंमत त्या बाईने मोजली, तिला कुणी न विचारता. पदरात लहानगा दत्तू, आणि दुःखाने वेड लागायची पाळी. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे, तरी हे मी सौम्य करून सांगणार नाही. पण पुढे त्यांनी केलं तेही बघ. दूर राहिलेली बायको परत आली तेव्हा तिचं सोवळं-ओवळं सांभाळायची सोय त्यांनी करून दिली. जात माणसाने केली, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतः विचार करूनच उमगलं."

"म्हणजे मी गप्प बसायचं? मग पेत्रात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"पेत्राला लोकांनी विचारलं होतं, आणि तो येशूला ओळखत नाही म्हणाला. आईने विचारलं तर तू खरं सांग, तिने फोन आपटला तरी. ती नको म्हणते तेव्हा थांबलीस, तर त्यात प्रभूला नाकारणं कुठे आलं? तू कोणाची झालीस ते तिला ठाऊक आहे."

"आणि तिने कधीच विचारलं नाही तर?"

"तर नाही. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या पाठवतेस, त्या पाकिटात शुभवर्तमानाची पत्रिका घालतेस का?"

ती थोडा वेळ बोलली नाही. "मागच्या वेळी घातली होती."

"मग आता गोळी घेतानाही तिच्या मनात शंका येणार. लेकीच्या मायेत दुसरा हेतू आहे असं एकदा वाटलं, की तू ख्रिस्ताबद्दल सांगशील तेही तिला खोटं वाटेल."

"तिच्या तारणाची काळजी कशी टाकू, बाई? झोप लागत नाही."

"टाकू नकोस. प्रार्थनेत ने. मन पालटणं देवाचं काम, असं तूच मंडळीत सांगतेस. मग आईच्या बाबतीतही ते त्याच्यावर सोड. रविवारी फोन कर, गुडघ्याचं विचार, भाच्यांचं विचार. आणि पाकिटात फक्त गोळ्या घाल."